मलीच्या पोथीची समाप्ती

बोरी,
सोमवार

प्रिय शिवकन्या,

पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधी खुशाली कळवते. इथं सगळे बरे आहेत. तुझ्या आईच्या गुडघ्याची सूज उतरलीय, शेजारच्या मुंजाजी काकांची तूर घरात आलीय, आणि आमच्या सासूबाईंचं, म्हणजे तुझ्या मल्लम्मा काकूंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलंय. काळा चष्मा लावून दारात बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला लांबूनच ओळखून दाखवतात. आता हातात फोन असताना वैनीनं पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. तर मी तुझा नंबर ब्लॉक केलाय. संक्रांतीच्या आधीपासून. आता उघडावा तर बंद होता हे तुला कळेल, आणि न उघडावा तर बोलायचं कसं? तुला हे अजून कळलंही नसेल, हेच मला जास्त लागतं. वैनीचं रिचार्ज संपलं असेल, असं म्हणून तू कामाला लागली असशील.

मनात ठेवून चिडचिड करण्यापेक्षा स्पष्ट लिहिते. मी तुझ्या खोलीतल्या त्या वैष्णवीवर जळते. नवऱ्यावरून बाई जळली तर जग तिला समजून घेतं, मैत्रिणीवरून जळली की सगळे हसतात. आमचे हे तर दोन वेळा हसले. हसू देत.

तुला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? तू जिंतूरच्या कॉलेजात होतीस. तुझ्या आईची साडी फॉल लावायला घेऊन आलीस, आणि माझ्या मशिनीला टेकवून फोन उभा करून ती थायलंडची मालिका लावलीस. जुन्या राजधानीतली, हिंदीत डब केलेली. त्या राजधानीचं नाव आपल्या अयोध्येवरून पडलंय असं तू सांगितलंस, आणि सासूबाई लगेच पदर सावरून पुढं सरकल्या. रेशीम रंगवणाऱ्या बाईची मुलगी मली, राजाचे नकाशे काढणारा आनोन, आणि मलीच्या घरात लहानाची मोठी झालेली तिची मानलेली बहीण पिम. नदी, होड्या, कमळं, आणि हातही न धरता दोघांनी एकमेकांकडं बघत राहणं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आनोनचा आनंदराव केला. 'पोरगं गुणाचं हाय, पण बोलंना गेलंय. निस्तं बघून लगीन जमतंय व्हय?' असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं होतं.

मग ती मालिका ज्या कादंबरीवरून काढली, तिचं इंग्रजी भाषांतर तू फोनवर घेतलंस, आणि आपली खरी मजा तिथून सुरू झाली. मालिकावाल्यांनी काय गाळलं, काय मनानं घुसडलं, ह्यावरून किती भांडलो आपण! श्रावणात आमच्या मठात पोथी लावतात तशीच आपण ती लावली. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. अर्थ पुरता सांगून झाला, बसलेल्यांच्या शंका फिटल्या, की सांगणारा म्हणतो 'पुढं'. तोपर्यंत वाचणाऱ्यानं पुढच्या ओवीला हात लावायचा नाही. तू इंग्रजी वाचून मला बोटभर अर्थ सांगायचीस आणि मी बायकांना तो हातभर करून सांगायची. फॉलच्या साड्या द्यायला आलेल्या बाया चहाची वेळ टळली तरी हलायच्या नाहीत. राजवाड्यातली ती कारस्थानी मावशी मी अशी रंगवायची की तुझी आई म्हणायची, 'ही आमच्या चुलत सासूला कवा भेटली गं?' तू फोनवर बोट ठेवून माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस. मी 'पुढं' म्हटलं की तुझं बोट हलायचं. दिवसभर लोकांच्या साड्यांच्या काठावर वाकलेली बाई मी, पण माझ्या एका शब्दासाठी अख्खा राजवाडा खोळंबायचा. मला तेव्हा किती बरं वाटायचं, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगावं लागेल असं वाटलंच नव्हतं.

शेवटचा एकच अध्याय राहिला आणि तुला पुण्याच्या लॅबमधली नोकरी लागली. बॅग भरता भरता वाचून टाकू, असं तू म्हणालीस तेव्हा सासूबाई कशा कडाडल्या! 'समाप्ती अशी उभ्या उभ्या करत असतेत का? नैवेद्य लागतो, समदी माणसं लागतेत.' ज्यांनी पोथी लावली त्यांनीच ती पुरी करायची, दिवाळीला तू आलीस की करू, असं ठरलं. तूही मान डोलावलीस. मी मालिकेचा शेवटचा भागसुद्धा बघितला नाही. राणीसावरगावची माझी भाची फोनवर शेवट सांगायला लागली तर मी फोन ठेवून दिला, त्यावरून माहेरी माझं नाव निघालं ते वेगळंच.

दिवाळीला तू आलीस ती पाहुण्यांच्या गराड्यात. पाडव्याला फराळाचा डबा घेऊन घडीभर आमच्याकडं टेकलीस. समाप्तीचा विषय तू काढशील म्हणून मी वाट बघत होते, तर तुझ्या तोंडात सगळं वैष्णवीच. वैष्णवीनं खोली कशी लावली, वैष्णवीला बसमध्ये कसं हसू आलं, वैष्णवीनंही ती मालिका बघितलीय, वैष्णवी म्हणते, वैष्णवी सांगते. त्या दिवशी तुझ्या चहात मी साखर घालायची विसरले. तू तो तसाच पिऊन गेलीस, तुला कळलंही नाही.

बरं, ती पुण्याची असती तर मी मनाची समजूत घातली असती, की शहरातली पोरगी आहे, नव्याचे नऊ दिवस. पण ती निघाली आपल्या परभणी जिल्ह्यातलीच, चुडाव्याची! माझ्यासारखंच 'लय' म्हणते, माझ्यासारखीच हात नाचवून बोलते, वर माझ्यापेक्षा तरुण आणि इंग्रजी येणारी. मग माझं असं वेगळं राहिलं काय?

आणि नंतर यूट्यूबवर तुमचं ते चॅनल. नाव काय, तर 'मलीची पोथी'! अगं, त्या लांबलचक थाई नावाला जीभ वळेना म्हणून आमच्या पुढच्या खोलीत सासूबाईंनी ठेवलेलं ते नाव. दर रविवारी दुपारी लाइव्ह येऊन तू पहिल्या अध्यायापासून वाचतेस आणि ती अर्थ सांगते. तीही आनंदराव म्हणते. ती कारस्थानी मावशी आली की 'चुलत सासूबाई आल्या' असं म्हणते, आणि खाली लोक हसणारी तोंडं टाकतात, की वैष्णवीताई, तुम्हाला सुचतं तरी कसं! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण तिला तरी किती बोलू? बीळ तूच दाखवलंस. आमच्या घरातलं भांडं तू तिला वापरायला दिलंस, आणि तिनं त्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं.

एवढंही मी गिळलं होतं. तुझ्या आईपुढं चॅनलचं कौतुकसुद्धा केलं, दात आवळून. पण संक्रांतीच्या आधीच्या रविवारी पिमचा विषय निघाला. मालिकेत मली राजवाड्यात राहायला जाते, पिम घाटावर हात हलवत उभी राहते, आणि पुढच्या भागापासून ती दिसतच नाही. मेली की जगली, कुणी विचारतसुद्धा नाही. त्यावरून आपण दोघींनी मालिकावाल्यांना किती शिव्या घातल्या होत्या! कादंबरीत मली राजवाड्यात बसूनही पिमची आठवण काढते, म्हणून कादंबरी खरी आणि मालिका खोटी, असा आपला निकाल लागला होता. आणि वैष्णवी म्हणाली, मालिकेत केलं तेच बरोबर, पिम नसली तरी मलीचं काही अडत नाही. मी सुई हातात तशीच धरून बसले, की आता तू तिला झापशील. तू हसलीस. 'हो ना' म्हणालीस आणि फोनवर पान सरकवलंस. मी तिथल्या तिथं फोन उचलून तुझा नंबर बंद केला. ह्यांनी विचारलं, डोळ्यांत पाणी का? म्हटलं, सुई टोचली.

नंबर बंद केला, पण रविवार काही सुटला नाही. चॅनल तर जगाला उघडं आहे. सासूबाई, तुझी आई आणि मी, तिघी बसतो. त्या दोघी कौतुकानं ऐकतात, मी तिच्या चुका काढायला ऐकते. तिला घाई फार, ऐकणाऱ्याला शंका यायला वेळच देत नाही. पण खोटं कशाला बोलू? मली आईच्या माघारी तिच्या रंगाच्या हंड्यात पहिल्यांदा हात घालते, तो भाग तिनं असा सांगितला की तुझी आई मुसमुसून रडली. मलाही रडू आलं. वैष्णवीमुळं आलं म्हणून मग रागही आला.

आता काल काय झालं ते ऐक. तू एक तुकडा वाचतेस, वैष्णवी अर्थ सांगते, आणि ती थांबली की तूही गप्प बसतेस. थोडा वेळच, पण दर रविवारी, प्रत्येक तुकड्यानंतर. लोक खाली लिहितात, ताई, नेट गेलं का? आवाज येईना. वैष्णवी बिचारी माफी मागते, रेंजचा घोळ आहे म्हणते. मीही पहिल्यांदा फोन हलवून, दारात नेऊन बघितला होता. काल मी एका लग्नाच्या शालूला फॉल लावत होते. मान खाली, सगळं लक्ष टाक्यात. वैष्णवीचा अर्थ सांगून झाला, तू गप्प झालीस, आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, 'पुढं'. तू वाचायला लागलीस. सासूबाई काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बघायला लागल्या. म्हणाल्या, 'तुझ्या शब्दाला अडून बसली व्हती बघ ती.' पुढच्या तुकड्याला मी मुद्दाम टाका थांबवून तुझ्या तोंडाकडं बघितलं. तुझं बोट फोनवर होतं आणि नजर समोर कुठंतरी, वैष्णवीकडं नव्हतीच. ते नेट नव्हतं गं. तुला ते कळतंय की नाही, मला माहीत नाही. शालूचा फॉल मात्र वाकडा गेला, आज सकाळी उसवून परत लावला.

हे सगळं मी तुला कधीच लिहिलं नसतं. जळत राहिले असते आणि तू शिवरात्रीला आलीस की गोड बोलले असते. पण काल शेवटी तुम्ही दोघींनी जाहीर केलंत, की येत्या रविवारी शेवटचा अध्याय. म्हणून आज घाईनं लिहितेय, रविवारच्या आत पोचावं म्हणून आमचे हे स्वतः पत्र पोस्टात नेऊन टाकणार आहेत. शिवकन्या, तो अध्याय तिथं वाचू नकोस. लोकांना नेट गेलं म्हणून सांगा, त्यांना ते लगेच पटेल. शिवरात्रीला तू येणारच आहेस, दुसऱ्या दिवशी पारण्याला सासूबाई पुरण घालणार आहेत, नैवेद्य तयारच आहे. वैष्णवीलाही आण. चुडाव्याला जायला ती परभणीवरूनच जाईल ना, मग एक दिवस आमच्याकडं उतरली तर काय बिघडलं? तिला माझ्या मशिनीशेजारी बसव. अर्थही तिलाच सांगू दे, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. पिम परत येते की घाटावरच राहते, जे असेल ते मी चारचौघींत बसून ऐकून घेईन. पत्र पोचलं की फोन कर, नंबर उघडून ठेवते. फक्त तिला एक आधीच सांगून ठेव. अर्थ तिचा, पण 'पुढं' मी म्हणणार.

तुझीच,
राजेश्री वैनी