मागे घेतलेली पसंती

५ जाने., रवि.
नारायणगुड्याला मराठी मंडळात. मला वधूवर विभागाचा कॉम्प्युटर दिलाय, शेजारच्या खोलीत केदारचा मुलांचा वाचनवर्ग. इथली पोरं घरी मराठी बोलतात, पण पाटी वाचायची म्हटली की अडखळतात. केदार त्यांच्याकडून 'घ' आणि 'ध' घोकून घेत होता. भिंत पातळ. मी दीड तासात तीन स्थळं भरली.
जाताना दारातून, "प्रज्ञा, आज फार परेशान दिसताय." पुण्याचा माणूस, आमचा दख्खनी 'परेशान' मुद्दाम वापरतो. मी म्हटलं, हौ. हसला.
घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

७ जाने.
सेक्रेटरी काकांचा फोन. २६ ला वधूवर मेळावा, त्याआधी मेसेज आपोआप जायला हवेत. "पोरी, मी किती जणांना फोन करत बसू? एकीकडून पसंती नोंदली की दुसरीकडं लगेच कळलं पाहिजे. फक्त मुलीकडची आधी जाऊ देऊ नको. आपल्यात तसं करत नाहीत."
करते म्हटलं. ऑफिसात ज्युनिअर पोरांना मीच दटावते की ट्रिगरमधून बाहेरची स्क्रिप्ट चालवायची नाही. पण काकांना चार दिवसांत हवंय, आणि तसं केलं तर तासाभराचं काम. डेटाबेसमधल्या पसंतीच्या टेबलात ओळ पडली की आपोआप चालणारा ट्रिगर, ट्रिगरमधून प्रोसीजर, प्रोसीजरमधून स्क्रिप्ट, स्क्रिप्टमधून मेसेज. मुलीकडची अडवायचं नंतर बघू.

८ जाने.
केदारचं स्थळ पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा म्हणजे कितव्यांदा, ते लिहीत नाही. त्याच्या पुण्याच्या बहिणीनं भरलंय. घटस्फोटित, तारनाक्याला भाड्यानं, वय ४२. 'अपेक्षा' मध्ये बहिणीनं लिहिलंय: 'मनमोकळी'. फोटोत उन्हामुळे डोळे बारीक केलेत.
माझंही आहे तिथं. बाबांनी भरलेलं, आई गेली त्या वर्षी मी 'बंद' करून टाकलेलं. तेव्हा खरंच कंटाळा आला होता. चहा नेऊन देण्याचा, उंची सांगण्याचा.
आता कंटाळा नाहीये. आता मला केदार हवाय. लिहून टाकलं, बरं वाटलं.

११ जाने., शनि.
काय करून बसले.
दुपारी टेस्ट. दोन स्थळं लागतात. एक माझंच घेतलं, बंद पडलेलं, फोन नंबरही माझाच. दुसरं कुठलंही चाललं असतं. हात त्याच्या स्थळाच्या नंबरावर गेला, तेवढा एकच पाठ आहे. एकदा तरी ती ओळ डोळ्यांनी बघायची होती, हेही खरं. माझ्याकडून त्याला, 'पसंती'. व्यवहार उघडला, ओळ घातली, पाहिली. फार तर मिनिटभर. मग रोलबॅक, म्हणजे केलेलं सगळं मागे. ओळ गेली, टेबल स्वच्छ.
आणि माझा फोन वाजला. 'आपली पसंती समोरच्या बाजूस कळवली आहे.'
रोलबॅकनं ओळ मागे येते. स्क्रिप्ट तोवर बाहेर जाऊन काम करून मोकळी झालेली असते. बारा वर्षं हेच शिकवतेय मी लोकांना! खरे मेसेज जाऊ न देणारं स्क्रिप्टमधलं 'फक्त टेस्ट' गुरुवारी काकांना दाखवताना काढलं, परत घालायचं राहिलं.
त्याला काय गेलंय तेही माहीत आहे, मजकूर मीच लिहिलाय. 'आपल्या स्थळास कु. प्रज्ञा यांच्याकडून पसंती आली आहे. कृपया लॉगिन करून उत्तर कळवावे.' कु.! एकोणचाळिसाव्या वर्षी.
लगेच फोन करून 'चुकून गेला' म्हणायला हवं होतं. तीनदा नंबर काढला. केला नाही.

१२ जाने., रवि.
वर्ग नाही. केदार संक्रांतीला पुण्याला गेलाय, काकांकडून कळलं. म्हणजे मेसेज त्यानं गाडीत वाचला असेल. की बहिणीसमोर?
पलीकडची खोली बंद. आज आठ स्थळं भरून झाली.

१४ जाने., मंगळ.
संक्रांत. बाबांना तिळगूळ दिला, पाया पडले. काचीगुड्यातल्या सगळ्या गच्च्यांवर पोरं, मांजा, आरडाओरडा. दरवर्षी केदार सगळ्यांना एकच तिळगुळाचा मेसेज पाठवतो. यंदा मंडळाच्या ग्रुपवर आला. मला वेगळा नाही.
दिवसभर फोन उलटा ठेवला. दर थोड्या वेळानं सरळ करून पाहिला.
त्याला हसू आलं असेल? की कीव? कीव नको रे देवा, बाकी काहीही चालेल.

१९ जाने., रवि.
आला. वर्ग नेहमीसारखा घेतला. आवाजात काही फरक वाटतो का, म्हणून मी भिंतीला कान लावायचा तेवढा बाकी ठेवला.
पोरं गेल्यावर दारात उभा. हातात स्टीलचा डबा.
"तुमचा मेसेज आला होता. म्हणजे, मंडळाचा."
मी कीबोर्डवरचा हात काढला.
"उत्तर द्यायला लॉगिन केलं. तिथं काहीच नव्हतं. दोनदा पाहिलं. वाटलं माझंच लॉगिन बिघडलंय."
आणि मी म्हटलं, "टेस्ट होती. सॉरी. चुकून गेला."
"अच्छा. टेस्ट." मान हलवली. डबा टेबलावर ठेवला. "ताईनं गूळपोळ्या दिल्यात. बाबांना द्या." आणि जिना उतरून गेला. 'हौ' नाही, 'परेशान' नाही.
उत्तर द्यायला लॉगिन केलं. पुण्यात, सणासुदीला, बसून, लॉगिन केलं. नकार द्यायचा असता तर माणूस इतकी खटपट करतो? की सभ्य माणूस नकारही रीतसर देतो? केदार सभ्य आहे, हीच पंचाईत.
त्यानं आपणहून विषय काढला तर होता. मूर्ख मी, मूर्ख.

२० जाने.
काकांना सांगितलं, टेस्टमध्ये एक मेसेज चुकून गेला. कुणाला ते नाही सांगितलं. काका भडकले. "मुलीकडची पसंती अशी गेली तर लोक काय म्हणतील? बापानं मान वर कशी करायची?" मग जरा निवळून, "बरं, तू टेन्शन नक्को घेऊ. नीट कर."
आमच्याच बापाचं बोलताहेत, हे त्यांच्या गावी नाही.

२२ जाने.
नीट केलं. आता ट्रिगर बाहेर काहीच चालवत नाही, 'पाठवायचे' नावाच्या टेबलात एक ओळ टाकतो फक्त. बाहेरची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी येऊन ते टेबल बघते, असेल ते पाठवते. ओळ कमिट, म्हणजे कायमची, झाली नाही तर तिला काही दिसतच नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.
मुलीकडची अडवायची अटही लिहिली. मग पटेना, काकांना फोन केला, ही अट मी घालणार नाही, हवं तर कामच दुसऱ्याला द्या. शेवटी म्हणाले, "मेळाव्यापुरतं राहू दे तसं." अट खोडली.
पुन्हा तीच टेस्ट. माझं स्थळ, त्याचं स्थळ, ओळ, रोलबॅक. फोन समोर ठेवून बसले. पाच मिनिटं, दहा, पंधरा. काही आलं नाही. अगदी बरोबर चालतंय.
रडू आलं.

२३ जाने.
जेवताना बाबांनी शेवटची गूळपोळी काढली. "कोन दिली म्हनलीस?"
"मंडळातल्या एकांनी."
"एकांनी म्हंजे? त्या पोरं शिकवनाऱ्यानं?"
बाबांना कसं कळलं, माहीत नाही. रेल्वेत जन्म गेला, कुठली गाडी कुठे थांबते ते न बघता सांगतात. मी भात कालवत राहिले. मग मीच बोलले, सगळं. टेस्ट, मेसेज, 'सॉरी'. बाबा तुपाचा हात पुसत ऐकत होते.
"तुझं नाव बंद केलीस तवा मला इचारलं नव्हतीस."
"नाही."
"मग उघडायला बी इचारू नको."
उठून हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

२५ जाने., शनि.
उद्या मेळावा. केदार पोरांचं वाचन घेणार आहे स्टेजवर, म्हणजे येणार.
दुपारी जेवणं झाल्यावर बसले. बाबा शेजारी पेपर धरून.
"काय टाइप करू लागलीस एवढं?"
"स्थळ उघडतेय. माझं."
पेपर वरच राहिला.
आधी माझ्या नावापुढचं 'बंद' काढलं. वय दुरुस्त केलं. फोटो जुनाच, असू दे. अपेक्षा: बाबांनी तेव्हा पाच ओळी भरल्या होत्या, सगळ्या खोडल्या, एकही लिहिली नाही. मग पसंती. माझा नंबर, त्याचा नंबर. या वेळी ॲडमिन म्हणून नाही, माझ्या लॉगिननं, सगळ्यांना असतं तेच बटण दाबून. त्या बटणाला रोलबॅक नाही.
दाबलं.
मग पाच मिनिटं, स्क्रिप्ट येईपर्यंत. आत जाऊन चहा टाकला. आधण यायच्या आत ओट्यावर फोन वाजला. 'आपली पसंती समोरच्या बाजूस कळवली आहे.' तेच शब्द.
म्हणजे तारनाक्यालाही वाजला असेल.
तो पुन्हा लॉगिन करेल का, माहीत नाही. एकदा हात पोळलाय त्याचा. केलं, तर आज तिथं ओळ आहे. खाली उत्तराची जागा रिकामी आहे.
बाबांना चहा दिला. फोन सरळ ठेवलाय.