दिवाणीत हजर, फौजदारीत गैरहजर

आर्णी,
कार्तिक महिना, २००६

आदरणीय शालिकभाऊंना,

तुम्हाला, शीलावहिनींना आणि ढाणकीच्या सगळ्या मंडळींना तुमच्या जावयाचा जयभीम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवा. आईंचा खोकला थंडीत वाढतो, त्यांना ओसरीवर झोपू देऊ नका. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची बहीण खरंच खुशाल आहे. मी मात्र आठवड्यापासून वरण-भाताच्या पुढे जाऊ शकलेलो नाही. डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही. पोटात काय आहे ते डॉक्टरांना कसं कळणार, ते तर कोर्टात आहे.

आपल्या बिछायतीच्या धंद्याचं म्हणाल तर कापसाला भाव नाही म्हणून ठरलेली लग्नं लोकांनी पुढच्या सालावर टाकली. मांडव लागतात ते शेतकऱ्यानं जीव दिलेल्या गावांत येणाऱ्या पुढाऱ्यांच्या दौऱ्यासाठी. (लग्नाच्या मांडवात वाढपी सुद्धा हसतो, या मांडवांत कोणी वर बघत नाही. मी सतरंज्या अंथरतो आणि मागच्या बाजूनं निघून येतो.) तरी चार बांबू बाहेर पडतात तोवर चूल पेटते. पण बांबू बाहेर पडायला वाट लागते, आणि आमचं सगळं रामायण त्या वाटेचंच आहे.

आमच्या गोडाऊनच्या आणि फुलसिंगच्या घराच्या मधली बोळ तुम्ही पाहिली आहे. (तुम्ही मोटारसायकल आत घातली आणि मग वळवता आली नव्हती, तीच.) त्या बोळीतून आमचे बांबू, स्वयंपाकाच्या डेगा, खुर्च्या हातगाडीवर येतात. फुलसिंग माणूस वाईट नाही. तो जिनिंगवर कामाला होता, जिनिंग बंद पडलं, म्हणून त्यानं मागची खोली भाड्यानं द्यायचं ठरवलं. भाडेकरूला न्हाणीघर लागतं, आणि न्हाणीघराला जागा त्याला आमच्या बोळीतच दिसली. गेल्या सालच्या अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं कुदळ मारली. त्यावरून भांडण झालं आणि त्या भांडणात जिलेबीचा लोखंडी झारा फुलसिंगच्या खांद्यावर बसला. टाके पडले. त्यानं ठाण्यात जाऊन माझं नाव सांगितलं, आणि मी वकिलाकडे जाऊन बोळ अडवू नये असा दावा लावला. तेव्हापासून एकाच भांडणाच्या दोन केसेस झाल्या आणि मी एकटा माणूस दोन्हींना पुरून उरलो आहे.

शालिकभाऊ, तुमचा कोर्टाशी कधी संबंध आला नाही म्हणून सांगतो, दिवाणी आणि फौजदारी यांत केवढा फरक असतो. दिवाणीत मी 'वादी' आहे. मला कोणी बोलावत नाही, दटावत नाही. आमच्या वकीलबाई विमलताई आत जाऊन तारीख घेऊन येतात आणि म्हणतात, तुम्ही जा, मांडव टाका. कोर्टाचा एक माणूस टेप घेऊन बोळ मोजायला आला, तर तुमच्या बहिणीनं त्याला चहा दिला आणि त्यानं 'बरं चाललंय ना' म्हणून विचारलं. दिवाणीत तुम्ही कोणाला काय केलं हे कोणी विचारतच नाही. बोळीच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, एवढंच विचारतात. फौजदारीत मी 'आरोपी' आहे. तिथे शिपाई दारात येऊन माझं नाव असं ओरडतो की बाहेरच्या टपरीवाल्याचाही हात थांबतो. एकदा उमरखेडच्या मांडवामुळे मी तारखेला गेलो नाही, तर वॉरंट घेऊन हवालदार घरी आला. (त्याला चहा द्यायचं कोणाला सुचलं नाही.) आणि सगळ्यात मोठं म्हणजे फौजदारीत माझ्याविरुद्ध फुलसिंग नाहीच. तिथे कागदावर 'महाराष्ट्र शासन विरुद्ध उकंडा' असं लिहिलेलं आहे. मी फौजदारीसाठी धरलेल्या जफर वकिलांना म्हटलं, माझं भांडण शेजाऱ्याशी झालं, शासनाचं मी काय वाकडं केलं? ते म्हणाले, तशीच पद्धत आहे. फुलसिंग तिथे नुसता साक्षीदार. मला तर त्याचा हेवाच वाटला.

वकीलही दोन, आणि दोघांचा सल्ला दोन दिशांना. विमलताई म्हणतात, दावा आपला आहे, सिद्ध आपण करायचा, तेव्हा घडाघडा बोला. जफर वकील म्हणतात, सिद्ध सरकारनं करायचं आहे, तुम्ही तोंड उघडू नका. विमलताई कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसतात, जफर वकील टिनाच्या शेडमध्ये. मी दोघांच्या मधे उभा राहून कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं याची उजळणी करतो.

आता खरी गोम ऐका. त्या सकाळी मी कुठे होतो? मी आंघोळ करत होतो. तोंडाला साबण, डोळे मिटलेले, बाहेर आरडाओरडा. पंचा गुंडाळून येईपर्यंत फुलसिंग खांदा धरून खाली बसला होता. हे मी जफर वकिलांना सांगितलं. ते म्हणाले, आंघोळ करताना तुम्हाला पाहिलं कोणी? आता हे काय विचारणं झालं. (मग मारलं कोणी, हे त्यांनी विचारलं नाही. फौजदारीचे वकील ते विचारत नसावेत.) मग तेच म्हणाले, गावाबाहेर कुठे असू शकता का? मी म्हटलं, ढाणकीला माझे मेहुणे आहेत. झालं, मी ढाणकीला गेलो. इकडे विमलताईंना मी तीच आंघोळ सांगितली, तर त्या म्हणाल्या, वहिवाट दाखवायची तर वादी बोळीत पाहिजे, न्हाणीत बसून वहिवाट होत नाही. झालं, मी बोळीत आलो. मला यात काही वावगं वाटलं नाही. दिवाणीचं कोर्ट वेगळं, फौजदारीचं वेगळं, तिथले साहेब वेगळे. इकडचं तिकडे कोण सांगायला जातं, अशी माझी समजूत होती. दिवाणीत आजवर मला आत जावंच लागलं नव्हतं, तेव्हा तिथले साहेब मी पाहिलेही नव्हते.

गेल्या मंगळवारी दोन्ही तारखा एकाच दिवशी आल्या. सकाळी फौजदारी. मी पिंजऱ्यात, फुलसिंग साक्षीला. जफर वकिलांनी त्याला घोळवून घोळवून विचारलं, की आरोपी त्या दिवशी ढाणकीला मेहुण्याकडे होता हे खरं आहे ना? फुलसिंगनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं, आणि तो म्हणाला की नाही, मारणारा उकंडाच होता. साहेबांनी ते सगळं लिहून घेतलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर विमलताई म्हणाल्या, चला, तुमची उलटतपासणी आहे. त्या मला त्याच दारातून आत घेऊन गेल्या. मला वाटलं, आत दुसरी खोली असेल. दुसरी खोली नव्हती. तीच खुर्ची होती, तोच पंखा होता आणि तेच साहेब होते. तालुक्याला एकच साहेब असतात, शालिकभाऊ. सकाळी ते फौजदारी करतात आणि दुपारी दिवाणी. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मला कोणी सांगितलं नाही, कारण हे सांगायचं असतं असं कोणाला वाटलं नाही.

मी शपथ घेतली. माझं प्रतिज्ञापत्र वाचलं गेलं, की सदर दिवशी सकाळी वादी सदर बोळीत हजर होता. साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "सकाळी तर तुम्ही ढाणकीला होता. दुपारी बोळीत कसे आलात?"

कोर्टात कोणी हसलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. साहेब म्हणाले, खोट्या शपथेचं काय होतं ते आपल्या वकिलांना विचारून घ्या. आणि दोन्ही केसेस त्यांनी महिनाअखेरच्या लोकअदालतीत ठेवल्या. तिथे मिटलं तर मिटलं, नाही तर दोन्हींतलं ते एकत्र वाचणार. बाहेर आल्यावर लिंबाखालचे आणि शेडमधले असे दोन्ही वकील पहिल्यांदाच एका बाकावर बसले आणि आळीपाळीनं मला बोलले. तेव्हापासून मला जेवण जात नाही. बोळ गेली तर धंदा गेला, आणि धंद्याचं काय घेऊन बसलात, मलाच आत टाकतील असं सारखं वाटतं.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
उकंडा

ता. क. पत्राचं मूळ कारण लिहायचं राहिलं. जफर वकिलांनी साक्षीदार म्हणून तुमचं नाव दिलं आहे. समन्स आलं तर घाबरू नका. मी त्या सकाळी तुमच्याकडे होतो, एवढंच म्हणायचं. येताना एस.टी.चं तिकीट जपून ठेवा, साक्षीदाराला भाडं मिळतं.

ता. क. दुसरा. वरचं म्हणू नका. तुमच्यापासून काय लपवायचं, झारा तुमच्या बहिणीनं मारला. फुलसिंगला ते चांगलं ठाऊक आहे. पण बाईमाणसानं मारलं असं ठाण्यात सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं माझं नाव दिलं. मी खरं नाव सांगितलं असतं तर पोलीस तिला घेऊन गेले असते. म्हणून मी दीड साल गप्प आहे. तिला यावरून रागावू नका.

ता. क. तिसरा. पत्र टाकायचं राहिलं आणि ते तुमच्या बहिणीनं, इंदूनं वाचलं. वाचून ती तशीच त्या बोळीतून फुलसिंगच्या दारात गेली. मी मागे गेलो. ती त्याला म्हणाली, "भाऊ, लोकअदालतीत मी उभी राहून सांगतो का तुमाले झारा मीच मारला. मंग काय व्हायचं ते होऊ द्या." फुलसिंगचं तोंड उतरलं. जमनाबाई, म्हणजे त्याची बायको, आतून पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी असं ठरलं, की न्हाणीघर तो पलीकडच्या अंगाला बांधेल, बोळ मोकळी राहील, दोन्ही केसेस मिटवायच्या. त्याची अट एकच, मारणारा म्हणून कागदावर नाव माझंच राहावं. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा साक्षीला येऊ नका.

पण या तरी. कारण घरी आल्यावर इंदूनं मला विचारलं, "त्याले लाज वाटली म्हून तो खोटं बोल्ला. तुमालेबी माही लाजच वाटत होती काय, म्हून गप्प राह्यले?" मी शपथेवर सांगितलं की लाज नव्हे, भीती, तुला नेतील म्हणून रोज जीव खालीवर होत होता. तर ती म्हणते, तुमच्या शपथा मी पाहिल्या. आणि तेव्हापासून बोलत नाही. शालिकभाऊ, तुमचं ती ऐकते. पहिल्या गाडीनं या आणि तिला एवढं सांगा, की हे एक मी खरं बोललो.