पट्टीने सपाट केलेला चमचा

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र उचलावंच लागतं, नाहीतर ते दाराशी पडून राहतं आणि शेजारचे चौकशी करतात. तेव्हा चष्मा लाव, नीट बस, आणि जे शिवणयंत्र उघडून ठेवलं असशील ते तसंच राहू दे. तुला सगळ्यात आधी जे ऐकायचंय तेच सांगून टाकते, म्हणजे मधली पानं गाळून शेवटाकडे धावणार नाहीस. ढोल्या बरा आहे. दोन वेळा पोटभर खातो, आणि उरलेला वेळ माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती घेतो. त्याने कुणाच्या घरी जायचं हे या महिन्यात ठरायचं होतं. पत्र त्याबद्दलच आहे, पण मला ते माझ्या पद्धतीने लिहू दे. मी मधेच भरकटते हे तुला काही नवीन नाही.

डॉक्टरीणबाईंनी मागच्या आठवड्यात त्याच्या पुढच्या पायांचे एक्स-रे पुन्हा काढले. उजवा पाय जवळजवळ सरळ आला आहे. डाव्याचा पंजा अजून बाहेर वळतो आणि तो आयुष्यभर तसाच राहील, पण दुखत नाही. मात्र अंध माणसाला सोबत घेऊन दिवसभर जिने चढायचे, रस्ते ओलांडायचे, हे काम त्याच्याकडून होणार नाही. तो विषय संपला. घरातला कुत्रा म्हणून मात्र तो एक नंबर आहे. आपल्या केंद्राचा नियम तुला पाठच असेल. जो कुत्रा प्रशिक्षणातून बाद होतो, त्याच्यावर पहिला हक्क त्याचा, ज्याने त्याला पिल्लू असताना आपल्या घरी वाढवलं. आणि त्याच नियमाची दुसरी ओळ अशी की वाढवणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे कुत्र्याला इजा झाली असेल तर तो हक्क जातो. गेले चार महिने तुझ्या नावापुढे ही दुसरी ओळ लागलेली आहे.

इथली खबरबात सांगते. राणीसाहेबांना नऊ पिल्लं झाली. नऊच्या नऊ धडधाकट, आणि नवाच्या नवांना एकाच वेळी भूक लागते. ती गाभण होती तेव्हा मी तिला वरून कॅल्शियमचा कणही दिला नाही. नवीन आलेले लोक माझ्याकडे असे बघायचे की जणू मी तिला उपाशी मारतेय. पण पोटात पिल्लं असताना वरून ओतत राहिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायची सवयच सोडतं, आणि मग बाळंतीण झाल्यावर, दूध भरात आलं की, बाईसाहेब थरथरायला लागतात आणि सगळ्यांची धावपळ होते. पिल्लं झाल्यावर मात्र माझा हात सैल सुटतो. त्यात हिचे नखरे. बाळंतपणात पिशवीतलं तयार खाणं तोंडात धरून बाहेर टाकते, म्हणून तिच्यासाठी मी ताजं शिजवते, बिनहाडाचं मांस, भोपळा, थोडी कलेजी. मांसात फॉस्फरस चिक्कार आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, तेव्हा त्यावर अंड्याच्या टरफलांची पूड घालावीच लागते. किलोभर मांसाला दोन चमचे. हे मी झोपेत विचारलंस तरी सांगेन. आमचे म्हातारबुवा मात्र उलट्या टोकाला आहेत. तेरा वर्षांचे झाले, मूत्रपिंडं थकली, आता त्यांना फॉस्फरस सोसत नाही. म्हणून मांस कमी, हाड बंद, अंड्याचा नुसता पांढरा भाग. ते माझ्याकडे असे बघतात की जणू एखाद्या साहेबाने आयुष्यभर नोकरी केली आणि निरोपाच्या दिवशी त्याला चहासुद्धा दिला नाही.

आणि पिल्लं. हे तुला आता माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी सांगते, कारण ते नीट मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मोठा कुत्रा जास्तीचं कॅल्शियम आतड्यातूनच बऱ्यापैकी परत धाडतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला पहिले पाच-सहा महिने ते जमत नाही, दिलं तेवढं सगळं ते आत घेतं. हाडांची वाढ त्यामुळे बिघडते, पाय वाकतात. वर जास्तीचं कॅल्शियम जस्तही अंगी लागू देत नाही, मग कातडी खरखरीत होते आणि तोंडाभोवती खपल्या धरतात. पिशवीतल्या पिल्लांच्या खाण्यात हे सगळं मोजून घातलेलं असतं. त्यावर काही म्हणजे काहीही घालायचं नाही. तू ढोल्याला ते खाणं देत होतास आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा टरफलांची पूड घालत होतास, तीन महिने. तीही तुझ्या पद्धतीने. अंडी उकडून, टरफलं धुऊन, भाजून, वस्त्रगाळ करून, आणि चमचा स्टीलच्या पट्टीने सपाट करून. शिवणयंत्राच्या सुईचं अंतर जसं तू दोनदा तपासतोस, तसाच तो चमचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की इतकं काटेकोर नुकसान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि सगळे हसले होते. तू हसला नाहीस.

चार महिन्यांपूर्वीची ती बैठक मला आता रोज आठवते. टेबलाच्या त्या बाजूला तू एकटा, या बाजूला संचालकबाई, डॉक्टरीणबाई आणि मी, केंद्राच्या स्वयंपाकघराची प्रमुख म्हणून. मला तेव्हा एकच काळजी होती की भाऊ म्हणून मी तुला पाठीशी घालतेय असं कुणाला वाटू नये. म्हणून सगळ्यात जास्त मीच बोलले. डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला नाही, संचालकबाईंनीही नाही. मी चढवला. सतरा वर्षं मी इथे पिल्लांच्या पालकांना कानीकपाळी ओरडून सांगते आणि माझ्याच घरातल्या माणसाने मनाने पूड घालावी, मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, असं काहीतरी म्हणाले. काहीतरी कशाला, असंच म्हणाले. संचालकबाईंनी तुला विचारलं की ही पूड घालायला तुम्हाला कुणी सांगितलं का. तू टेबलाकडे बघत म्हणालास, नाही, मलाच वाटलं पाय बारीक दिसतात म्हणून. मग कागदावर 'पालकाने परस्पर' असं लिहिलं गेलं, आणि ढोल्याला मी स्वतः साखळीने धरून आत नेलं. तो दर चार पावलांनी मागे वळून बघत होता आणि मी त्याला ओढत होते.

आता परवाची गोष्ट. स्वयंपाकघरात मी राणीसाहेबांचं मांस शिजवत होते, एका हातात पुडीची बरणी, दुसऱ्या हातात झारा, आणि फोन खांद्याने कानाशी धरलेला. तुला माहीत आहे, माझी निम्मी कामं मान वाकडी करूनच होतात. फोनवर एक शाळेतल्या बाई होत्या, त्यांच्याकडे आपलं चार महिन्यांचं पिल्लू आहे. म्हणाल्या, हा भराभर वाढतोय हो, टरफलांची पूड द्यायला सुरुवात करू का? आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, अहो द्यायलाच हवी, त्यात विचारायचं काय, सकाळ-संध्याकाळ… तिथे मी थांबले. वाक्य पुरं केलं नाही. माझं सगळं लक्ष समोरच्या पातेल्यात होतं. पिल्लू कुठलं, ते काय खातं, हे मी विचारलंच नव्हतं. समोर बिनहाडाचं मांस शिजत होतं, त्याला पूड लागते, म्हणून जगातल्या प्रत्येक कुत्र्याला पूड लागते. शाळेच्या बाईंना मी सांगितलं की नाही नाही, पिशवीतलं खाणं असेल तर काहीच घालू नका, चुकून बोलले. त्यांनी माझे आभार मानले. मी गॅस बंद केला आणि तिथल्याच पाटावर बसले, कारण ते वाक्य मी पहिल्यांदा बोलत नव्हते.

मला आधी पटेना. मी स्वतःशीच भांडले. म्हटलं, मी असं सांगणं शक्यच नाही, मी, जिने पालकांसाठीचा सूचनांचा कागद स्वतःच्या हाताने लिहिला. मग कचेरीत जाऊन ढोल्याची फाईल मागितली आणि त्यातली तुझी वही काढली. तुझी वही म्हणजे काय सांगू. प्रत्येक नोंदीला कारण. आज फिरणं कमी, कारण रस्ता तापलेला. आज नवा पट्टा, कारण जुना एक भोक घट्ट. आज दहा मिनिटं उशिरा जेवण, कारण गिऱ्हाईक हलेना. तीनशेच्या आसपास नोंदी वाचल्या, एकही विनाकारण नाही. फक्त एका ठिकाणी नुसतंच लिहिलंय, 'आजपासून टरफलांची पूड, दोन्ही वेळा, एक चमचा.' पुढे काही नाही. ते पान इतरांपेक्षा पांढरं आहे आणि आतल्या बाजूने चिकटवलेलं आहे, तेही इतकं सरळ की केंद्रात कुणाच्या लक्षात आलं नसतं. मला आलं, कारण लहानपणी माझ्या वह्यांना कव्हरं तूच घालायचास. आणि तारीखही बघितली. मागच्या खेपेला राणीसाहेब बाळंत होऊन आठवडा झाला होता तेव्हाची. म्हणजे मी त्याच शेगडीपाशी, त्याच बरणीसकट उभी होते.

काढलेल्या पानावर काय होतं ते मी सांगते, तू सांगू नकोस. 'कारण ताईला विचारलं.' बैठकीच्या आधी तू ते पान बदललंस. मग माझ्यासमोर बसून माझं ते सगळं बोलणं ऐकून घेतलंस, आणि ढोल्याला नेऊ दिलंस. तुझा राग येतोय मला, धाकट्या, खरंच येतोय. एक शब्द बोलला असतास तर काय झालं असतं? माझी नोकरी गेली असती असं तुला वाटलं असणार. आई गेल्यापासून मी जे म्हणेन ते तू करत आलास. मी सांगितलं म्हणून तू कडू औषधं प्यायलास, मी सांगितलं म्हणून ती बँकेची परीक्षा दोनदा दिलीस, आणि शेवटी मी न सांगता एकच गोष्ट केलीस, ती म्हणजे शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागलास, आणि त्याच्याइतकं तुला काहीच जमलेलं नाही. मी हे कधी कबूल केलं नव्हतं, आज करते. माझी चूक इतकीच नाही की मी चुकीचं सांगितलं. मी इतक्या खात्रीने सांगते की समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायची सोयच राहत नाही. तुला तर नाहीच नाही.

तर आज सकाळी मी संचालकबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. रडले नाही, आवाजही बरा होता. डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं गेलं, त्यांनी वहीतलं पान उजेडात धरून बघितलं. 'पालकाने परस्पर' हे शब्द माझ्यासमोर खोडले आणि तिथे 'स्वयंपाकघर प्रमुखांच्या चुकीच्या सल्ल्यावरून' असं लिहिलं, मी खाली सही केली. पालकांचे फोन उद्यापासून डॉक्टरीणबाई घेतील. मी भांडी, पातेली आणि माप एवढंच बघायचं. हे योग्यच आहे आणि मला त्याबद्दल कीव करून घ्यायची नाही, तेव्हा तेवढ्यासाठी फोन करू नकोस. तुझा हक्क तुला परत मिळाला आहे. ढोल्याचा कागद सोबत जोडला आहे, खाली तुझी सही लागेल. त्याच्या खाण्याचा तक्ता डॉक्टरीणबाईंनी लिहिलाय, मी हात लावलेला नाही. शनिवारी सकाळी दहाला त्याला न्यायला ये. एरवी मी लिहिलं असतं की मीच त्याला फाटकापर्यंत घेऊन येईन, आणि तुला ते ऐकावं लागलं असतं. पण त्या दिवशी त्याला तुझ्यापासून ओढून नेणारी मीच होते. तेव्हा शनिवारी मी तिथे असावं का, की रजा घेऊन घरी थांबावं, हे तू सांग. तू जे म्हणशील ते मी करेन.

तुझीच, उत्तराची वाट बघणारी,
ताई