ताप यायच्या आधीच

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज बाई नवलच झालं. सकाळी नातीच्या, पिंकीच्या, कपाळाले हात लावला होता. थंड. पोरगी भाकर-वरण खाऊन मस्त बसली होती. अन् दुपारी नागपूरहून डॉक्टरीणबाईचा फोन, परवा तपासाले देलेल्या रक्तात विषाणू सापडला म्हणून!

मी सुनेले म्हटलं, "दुसऱ्या कोणाचं रक्त असन. माझा हात कधी चुकला का?"

सून म्हणे, "आत्याबाई, तुमचा हात ताप आल्यावर सांगते. ते मशीन त्याच्या आधी सांगते."

पोरीच्या किडन्या खराब झाल्या तवा सुनेनंच आपली एक तिले देली. अंगानं ते झिडकारू नये म्हणून गोळ्यायनं पोरीची रोगाशी लढाची ताकद कमी ठेवतात. तेच पाहून हा अंगात निजलेला विषाणू उठला. तापाची वाट पाहत बसलो असतो त किडनीलेच धोका होता. मले वाटे, धडधाकट पोरीले दर खेपेले सुई कायले टोचतात!

लेक यवतमाळहून नव्या गोळ्या घेऊन आला. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणे, "वेळेवर सापडला, आजी, घाबरू नका."

घाबरते कोण? मी त पाहतच राह्यली. डोळ्याले दिसत नाही, हाताले लागत नाही, अन् थेंबभर रक्तात सापडलं! मीठ-मिरच्या ओवाळून एवढी नजर काढली मी, त्या मिरच्यायले नाही दिसलं.

आताही हात लावला. थंडच.

पिंकी हसून म्हणे, "काय म्हणते आजी, तुहा हात?"

म्हटलं, "त्याले आता नागपूरले शिकाले पाठवा लागते."