बाबांचं औषध पुरतं कसं

ता. ९ नोव्हेंबर

दादा,

तू आणि वहिनी मजेत असाल. आम्हीही मजेत आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. बाबा जेवून आत पडलेत. लाँड्रीतल्या मोठ्या मशीनचा पट्टा तुटलाय, त्यामुळे आज कामाला सुट्टी आहे. म्हटलं, बसावं लिहायला. फोनवर तू माझं एक वाक्य धड पुरं होऊ देत नाहीस, आणि जरा अवघड विषय निघाला की "थांब, वहिनीला देतो" म्हणून मोकळा होतोस.

तुझा निरोप मिळाला. ज्या कामासाठी बाबांना माझ्याकडे ठेवलं होतंस ते संपलं, लाद्या बसल्या, रंग झाला, बाबांची खोली आता छान मोकळी वाटते, तेव्हा रविवारी गाडी पाठवतोस, त्यांना बसवून दे. वाचलं. त्याखाली तुझा प्रश्नही वाचला, की बाबांचं डोळ्यांचं औषध माझ्याकडे महिनाभर पुरतं कसं? तुमच्याकडे पंधरवड्यात बाटली खडखडीत होते आणि मग नव्या चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे खेटे घालावे लागतात. काय युक्ती करतेस तेवढी कळव, असं म्हणतोस.

कळवते. पण आधी तुमच्याकडून आलेली बाटली कशी होती ते ऐक, कारण तू ती कधी उजेडात धरून पाहिली असशील असं मला वाटत नाही. डाव्या डोळ्याचं काय झालं तेही याच पत्रात येईल. ते तुला कळवू नये म्हणून बाबांनी मला शपथ घातली होती. ती मी आज मोडतेय.

मला आता सहजासहजी किळस येत नाही. लहानपणी तू मला नाकमुरडी म्हणायचास, पण तीच मी गेली किती वर्षं लॉजच्या चादरी धुते. त्यांवर काय काय सापडतं ते लिहीत नाही, तू जेवायच्या आधी वाचत असशील. तरीही बाबांच्या पिशवीतून ती बाटली निघाली तेव्हा मी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून बेसिनपर्यंत नेली. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ती दाढीचं वापरलेलं ब्लेड आणि कंगवा यांच्या सोबतीला होती. टोपण अर्धवट लागलेलं. तोंडाशी पिवळी खपली धरलेली, आणि त्या खपलीत पापणीचा एक केस रुतून बसलेला.

संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, तुम्ही औषध कसं घालता ते दाखवा. खुर्चीत ताठ बसले, मान जेमतेम वर केली, दोन बोटांनी डोळा फाकवला आणि बाटलीचं तोंड थेट बुबुळावर टेकवून दाबलं. एक थेंब डोळ्यात गेला असेल तर नशीब. बाकीचे तीन-चार गालावरून मिशीत उतरले. मग भराभरा डोळे मिचकावले आणि खिशातल्या रुमालाने पुसले. त्याच रुमालाने त्यांनी आधी नाकही पुसलं होतं. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाले, "तुझ्या वहिनीनं पहिल्या दिवशी घातलं. मग म्हणाली, जमेल तुमचं तुम्हाला."

डावा डोळा तेव्हाच लाल होता. सकाळी पापण्या चिकटायच्या म्हणे, ते ओल्या बोटाने सोडवायचे. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग पडत होते. मी तो अभ्रा उकळत्या पाण्यात टाकला आणि भांडं नंतर फेकून दिलं.

आता त्या केसाबद्दल. बाबांच्या पापण्या केव्हाच्या पांढऱ्या झाल्यात. तो केस काळा होता.

मी विचारलं. बाबांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही, उलट कौतुकाने सांगितलं. दादाचे डोळेही दिवसभर संगणकापुढे चुरचुरतात, ऑफिसातून आला की तोही माझ्यातलेच दोन थेंब घालतो, त्याला फार बरं वाटतं. म्हणजे बाबांच्या नावच्या चिठ्ठीवरचं औषध तू रोज डोळ्यांत ओतायचास, त्याच तोंडाने, त्याच बाटलीतून. डॉक्टरांना स्वतःचे डोळे दाखवायला तुला वेळ नव्हता. आणि बाटली लवकर संपली की बाबांना भर जेवणात म्हणायचास, "पिता की काय तुम्ही औषध?" हे वाक्य बाबांनी मला हसत हसत सांगितलं. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं ही म्हण माझ्या ओठांवर आली होती. बाबा समोर बसले होते म्हणून गिळली.

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डाव्या डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. बुबुळावर पांढरा डाग होता, जंतू आत शिरले होते. आजच भरती करा म्हणाल्या. दृष्टी वाचेल का विचारलं, तर इतक्या उशिरा आणल्यावर सांगता येत नाही असं म्हणाल्या. तुमची ती बाटली मी पुरावा म्हणून घेऊन गेले होते. नर्सने तिच्यातले दोन थेंब काचेवर टाकले. हे औषध थोडं दाट असतं, जागेवर थांबतं. ते धावत सुटलं. तिने विचारलं, यात पाणी घातलंय का?

मला वाटलं, वहिनीचा उद्योग. मी तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले, त्याबद्दल माझ्या वतीने तिची माफी माग. बाबा खाली बघत होते. नर्स गेल्यावर म्हणाले, "कुणी नाही घातलं. मीच."

"कशाला, बाबा?"

"पुस्तकं चिकटवायची खळ कमी पडली की पाणी घालायचो तसं. पुरवठ्याला येतं. त्याला सारखं सारखं काय सांगायचं गं."

कागद कापायच्या सुरीच्या टोकाने त्यांनी बाटलीचं आतलं बूच अलगद उचकटलं, नळाचं पाणी घातलं, आणि बूच असं बसवलं की कुणाला कळू नये. जन्म वह्या-पुस्तकं बांधण्यात गेला, हात अजून सफाईदार आहे. खळ नासू नये म्हणून तिच्यात मोरचूद टाकायचं असतं, हे त्यांनीच आपल्या दोघांना दुकानात उभं करून शिकवलं होतं. औषधात ते काय टाकणार होते? तुझ्या एका शेऱ्याला भिऊन म्हाताऱ्या माणसाने डोळ्यांत नळाचं पाणी घातलं, दादा. ते ऐकल्यावर मी वॉर्डातल्या संडासात जाऊन ओकले. जंतूंची किळस मला धुवून काढता येते. हिचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

आता तुझी युक्ती. डाव्या डोळ्याला जालीम औषधं चालू होती, उजव्यासाठी नेहमीच्या औषधाची नवी बाटली उघडली. नर्सने माझ्या हाताने घालून घेतलं. आधी साबणाने हात धुवायचे. माणसाला आडवं करायचं, खुर्चीत बसवून मान मोडायची नाही. खालची पापणी बोटाने ओढली की छोटी झोळी होते, तिच्यात वरून एक थेंब सोडायचा. बाटलीचं तोंड डोळ्याला, पापणीला, बोटाला, कशालाच लागता कामा नये. एकच थेंब. डोळ्यात एकापेक्षा जास्त मावतच नाही, पुढचा थेंब गालाचा. मग डोळा हळू मिटून ठेवायचा, मिचकावायचा नाही, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने थोडा वेळ दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. टोपण लगेच लावायचं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची आणि महिना झाला की आत काही असलं तरी टाकून द्यायची. ज्याचं औषध त्याच्यासाठीच. बस. एवढ्याने बाटली महिनाभर पुरते. हे करायला दिवसातून दोन-चार वेळा एका माणसाने दुसऱ्याजवळ बसावं लागतं, यात अवघड भाग तेवढाच आहे.

बाबांना सुरुवातीला फार संकोच वाटायचा. मी पापणी ओढली की माफ कर म्हणायचे. पापणी ओढण्याबद्दल पोटच्या मुलीची माफी. तुझ्या घरात ही सवय लागली त्यांना.

डाव्या डोळ्याला तासातासाला औषध चाललं होतं. ठणका इतका की बाबा उशीचं टोक दातांत धरून ठेवायचे. डाग पसरत गेला, मग बुबुळच फुटलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की आता दृष्टीचा प्रश्नच उरला नाही, डोळा ठेवला तर जंतू आणखी पसरतील. मी सही केली. डोळा काढला, दादा. डावीकडे आता खाचेवर पापणी मिटलेली असते, पुढेमागे नकली डोळा बसवता येईल म्हणतात.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला होता, आठवतंय? बाबांच्या खोलीत लाद्या करड्या घ्यायच्या की बदामी. निम्म्या तोंडावर पट्टी होती. बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, बदामी. मजेत आहे, हवा चांगली आहे इकडे. फोन ठेवला आणि मला शपथ घातली, त्याला सांगू नकोस, काम अर्धवट टाकून धावत येईल. तू धावत आला असतास असं त्यांना अजून वाटतं. मी वाद घातला नाही.

रविवारी गाडी येणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःच पिशवी भरून ठेवली. कशाला जाता विचारलं, तर म्हणाले, नाही गेलो तर त्याला वाटेल आपण रागावलोय. खरं लिहायचं तर त्या क्षणी मला बाबांचीही किळस आली. माणसाने इतकं वाकू नये. मी पिशवी उपसली आणि कपडे माझ्या कपाटात लावले. बाबा दारात उभे राहून बघत होते. सदरे कुठल्या फळीवर आणि पायमोजे कुठल्या, एवढं विचारून घेतलं, आता नीट दिसत नाही म्हणून हात लावून पाहिलं, आणि जाऊन झोपले.

तेव्हा रविवारी गाडी पाठवू नकोस. तुला यायचं असेल तर ये, दार उघडेन. येताना स्वतःचे डोळे तपासून घे, त्या बाटलीतून बाबांना जे मिळालं तेच तूही डोळ्यांत घालत होतास. आणि वाटेत बाबांसाठी औषध घेऊ नकोस. तुझ्या प्रश्नाचं वर दिलेलं उत्तर खरं आहे, पण ते पुरतं नाही. औषध आता एकाच डोळ्यात घालायचं असतं. महिना भरतो तेव्हा निम्मी बाटली शिल्लक राहते आणि ती मला टाकून द्यावी लागते. परवा टाकली, तेव्हा बाबा म्हणाले, दादाला पाठवली असती.

त्यांनी तुला आणि वहिनीला आशीर्वाद लिहायला सांगितलाय. तो लिहिला. माझ्याकडून लिहिण्यासारखं काही नाही.

धाकटी