निर्मातेसाहेबांची दाढ आणि माझे चित्रपट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलोय. दवाखान्यातल्या खुर्चीचं पायडल अडकलंय, ते सोडवता सोडवता तुझी आठवण झाली.) भावोजींचा गुडघा कसा आहे? भाची अभ्यास करते की अजून तुझ्यासारखी नुसती बघत बसते? इकडे सगळे मजेत. आईला मी नवी कवळी करून दिली. ती सगळ्यांना सांगते की कवळी फार छान झालीय, फक्त घालत नाही.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर तू 'बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. आणि ही बातमी 'बरं'वर भागणारी नाही. ताई, तुझा भाऊ आता नुसता दातांचा डॉक्टर राहिलेला नाही, तो पटकथाकार झालाय. (झाल्यातच जमा आहे असं म्हण.) मी दवाखान्याची पाटी लावली त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर तू म्हणाली होतीस, "हा गप्पा छान मारेल." दातांबद्दल अवाक्षर नाही! सख्ख्या बहिणीनं, त्यातून दातांच्याच डॉक्टरणीनं, एवढंच म्हणावं? ते मला आजतागायत झोंबतंय. तुझ्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायचं राहिलंय, आणि ते या चित्रपटाच्या पहिल्या खेळाला मी ऐकणार आहे.

झालं असं. एका सकाळी तोंडाला उपरणं गुंडाळून एक भारदस्त गृहस्थ आत आले. गाल असा टम्म सुजलेला की डावा डोळा आहे की नाही कळेना. तुझ्या भावजयीनं बाहेरच्या टेबलावर त्यांचं नाव लिहून घेतलं आणि आत येऊन मला असा चिमटा काढला की हातातली आरशाची काडी खाली पडली. चित्रपट सुरू होताना सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत ज्यांचं नाव येतं, ते हे निर्मातेसाहेब! आता तू विचार कर. भले भले लेखक निर्मात्याच्या कचेरीबाहेर बाकड्यावर झिजतात, आत गेलेच तर तो फोनवर असतो, फोन ठेवला तर त्याला भूक लागलेली असते. आणि इथे तो स्वतःच्या पायांनी माझ्या दारात आला, आपणहून आडवा झाला, आ वासला आणि तोंडावर दिवासुद्धा घेतला. मुख्य म्हणजे 'नको' म्हणायला जी जीभ लागते, ती माझ्या ताब्यात. असा योग कुठल्या लेखकाच्या नशिबी आलाय? हिचं म्हणणं, आधी दाढ बघा. बघितलीच की! दाढेत मी एवढीही कसूर केली नाही. पण इंजेक्शन दिल्यावर जबडा बधिर होईपर्यंत डॉक्टरनं काय भिंतीकडे बघायचं?

तर पहिल्या बैठकीला प्रेमकथा. दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर एक तरुण आणि एक तरुणी. त्याचा उजवा गाल सुजलेला, तिचा डावा. बोलता येत नाही, त्यामुळे भांडण नाही, दोघं नुसते एकमेकांकडे बघतात. दर आठवड्याला भेट, दर आठवड्याला प्रेम वाढतंय. आणि उपचार संपून दोघांची सूज उतरते तेव्हा ते रस्त्यात समोरासमोर येतात, आणि ओळखतच नाहीत! ताई, सांगताना माझाच आवाज भरून आला. साहेबांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. (ही म्हणते, इंजेक्शनचं. हिला कलेतलं काय कळतंय!)

पुढच्या खेपेला भयपट. घरातला म्हातारा वारलाय, पण त्याची कवळी खिडकीत पेल्यात तशीच राहिलीय, आणि घरातलं कुणी खोटं बोललं की ती आतल्या आत वाजते. सून म्हणते मी काही खाल्लं नाही, की कडकड. मुलगा म्हणतो मी कामावरच होतो, की कडकड. हा प्रसंग मी आपल्या मातोश्रींच्या न घातलेल्या कवळीनं वाजवून दाखवला. साहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले, यावरून परिणाम तुझ्या लक्षात यावा. त्यानंतर विज्ञानपट झाला (यान पृथ्वीपासून लांब गेलंय आणि कप्तानाची अक्कलदाढ उठते, मागे फिरता येत नाही, यानात पकड एकच आणि तीही पाइप पिळायची). आणि लगोलग युद्धपट, ज्यात दोन्ही बाजूंच्या सेनापतींचा दंतवैद्य एकच असतो आणि त्याच्या वेळा सांभाळता सांभाळता लढाई राहून जाते. 'दुखलं तर डावा हात वर करा' असं मी आपल्या पद्धतीप्रमाणे त्यांना सांगून ठेवलं होतं. युद्धपटाच्या ऐन रंगात हात वर! मी तात्काळ यंत्र थांबवलं आणि त्यांना नीट कळावा म्हणून तो प्रसंग पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा सांगितला. हात पुन्हा वर. पुन्हा सांगितला. असा श्रोता मिळायला भाग्य लागतं.

एकदाच, गुळण्या करताना, ते बोलले. म्हणाले, "डॉक्टर, सगळ्यांत दातच कसे हो?" मी म्हटलं, साहेब, माणूस हसतो, रडतो, चावतो, शिव्या देतो, सगळं दातांतूनच, मग चित्रपट काय कोपरातून काढायचा? त्यांना ते इतकं पटलं की उरलेलं पाणी त्यांनी गिळूनच टाकलं.

शेवटच्या बैठकीला मी हुकमी पान काढलं. रहस्यपट! बंगल्यात खून झालाय. पुरावा एकच, टेबलावरचा अर्धवट खाल्लेला पेरू. त्यावर दातांचे ठसे. तपास करतोय एक दंतवैद्य (दिसायला साधारण माझ्यासारखा, जरा उंच). घरातल्या सगळ्यांच्या दातांचे ठसे तो घेतो, भाऊ, वहिनी, दिवाणजी, माळी, आणि एकाचेही जुळत नाहीत. ताई, इथे मी थांबलो. मुद्दाम थांबलो. चिमटा हवेत धरून म्हटलं, "आता सांगा, खुनी कोण?" त्यांच्या तोंडात कापूस आणि थुंकी ओढणारी नळी. आणि मग काय झालं ऐक. त्यांनी नळी काढली, ताडकन उठले, आणि गळ्यात बांधलेल्या हिरव्या फडक्यासकट, गालात कापसासकट, जे निघाले ते थेट रस्त्यावर! मी खिडकीतून पाहिलं, गाडीत बसेपर्यंत पळत होते. इतक्या वर्षांत माझ्या गोष्टीनं कुणाला असं खुर्चीतून उठवलं नव्हतं. साहजिक आहे, इतका मसाला हातात आल्यावर माणूस दाढेपाशी थांबेल कशाला? लोक जमवायला गेले असणार.

तेव्हा ताई, पहिल्या खेळाला तू आणि भावोजी पुढच्या रांगेत बसायचं. भावोजींना पाय लांब करता येतील अशी जागा मी सांगून ठेवीन. कोणता चित्रपट आधी निघेल हे अजून ठरलेलं नाही, पण निघणार हे नक्की. आई आशीर्वाद सांगते. ही नमस्कार सांगते आणि 'आणखी काही खोटं लिहू नका' असंही सांगते, ते मी तिच्या समाधानासाठी इथे लिहिलंय.

तुझा,
कर्तृत्ववान धाकटा भाऊ

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर ते हिरवं फडकं घेऊन आला. फडकं धुऊन इस्त्री केलेलं होतं. मला वाटलं करारही आणला असेल. पण त्यानं दाढेचे एक्स-रे मागितले. साहेब पुढचं काम, म्हणजे दाढेवरची टोपी, दुसऱ्या डॉक्टरांकडे करून घेणार आहेत म्हणे. मी विचारलं, कोण बुवा एवढे? तर म्हणाला, एक बाई आहेत, हात फार हलका, आणि मुख्य म्हणजे काम करताना तोंडातून चकार शब्द काढत नाहीत, साहेबांनी तेवढंच विचारून घेतलं. ताई, अशी बाई अख्ख्या शहरात एकच आहे. ते मंगळवारी तुझ्या खुर्चीत बसतील.

दुसरा ता. क. म्हणजे आता मुद्द्याचं. रहस्यपटाचा शेवट त्यांचा ऐकायचा राहिलाय. बिचारे तसेच तळमळत असतील. खुनी माळी. त्यानं खुनानंतर आठवड्याच्या आत आपले सगळे दात काढून कवळी बसवून घेतलेली असते, म्हणून ठसा जुळत नाही. आणि ते दात काढून दिलेले असतात त्याच दंतवैद्यानं, स्वतःच्या हातानं! तुला बोलायचा कंटाळा आहे हे मी जाणतो. पण भावासाठी आयुष्यात एवढी चार वाक्यं बोल. इंजेक्शन दिल्यावर बोल, आधी नको. आणि दरवाजा लावून घे.

तिसरा ता. क. हा हिला वाचायला देणार नाहीये. साहेबांनी मंगळवारी कानांत बोळे घातलेले असले तर राहू दे, गोष्ट नाही सांगितलीस तरी चालेल. पण एक्स-रे तेवढा दिव्यासमोर धर. त्या दाढेला एक जास्तीचं मूळ आहे, बारीक, आतल्या बाजूला वळलेलं. भल्याभल्यांच्या हातून सुटलं असतं. मी ते शोधलं, टोकापर्यंत साफ केलं आणि टोकापर्यंतच भरलं, एक केसभरही पुढे नाही. गोष्टींच्या नादात हे कुणालाच सांगायचं राहिलं. तू बघ, आणि कसं झालंय ते मला कळव. फोनवर नुसतं 'बरं' म्हणालीस तरी मला समजेल.