बानाबाई बिडगर हिला गैरहजर लिहू नये

प्रति,
मा. शिबिर प्रमुख साहेब,
शिकाऊ लायसन परीक्षा शिबिर, गंगापूर,
जि. छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार: बिरू कडुबा बिडगर, वय ६३, धंदा मेंढपाळ, रा. लासूर स्टेशन, ता. गंगापूर.

विषय: मयत पत्नी बानाबाई हिच्या नावापुढे लागलेला ‘गैरहजर’ हा शेरा काढणेबाबत.

संदर्भ: दि. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्जदाराच्या मोबाईलवर आलेला मेसेज.

महोदय,

१. ज्या साली अर्जदाराचा मुलगा खंडेराव यास मुकुंदवाडीत मुलगी झाली, त्याच साली अर्जदाराची घोडी म्हातारी होऊन बसली. ते साल २०२३. घोडी पुन्हा उठली नाही, म्हणून खंडेरावाने जुनी तीनचाकी मालवाहू रिक्षा घेऊन दिली. ती कोणी चालवायची, यावर घरात फार बोलणे झाले नाही. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या आमच्या लोकांत रीत अशी, की गडी मेंढरांमागे राहतो आणि बाई घोडीवर बिऱ्हाड लादून पुढे निघते. घोडीचा दोर बाईच्या हाती. मुक्कामाची जागा ती धरते, चूल ती मांडते. घोडीच्या जागी रिक्षा आली, तेव्हा रिक्षाही बानाबाईचीच झाली. खंडेराव एवढेच म्हणाला, “आये, त्यापेक्षा आबाला शिकव.” त्यावर ती म्हणाली, “तुझ्या बापाला चाळीस वर्षं नुसती मेंढरं दिसत्यात. रस्ता कुठं हाय ते मलाच इचारतो.”

२. साहेब, एक गोष्ट नोंदीला यावी. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत अर्जदार मुक्कामाला पोचला आणि बानाबाई तिथे नाही, असे एकदाही झालेले नाही. तिच्या चुलीचा धूर दिसला की मेंढरेसुद्धा पाय उचलीत.

३. लायसनला परीक्षा असते आणि ती वाचून द्यावी लागते, हे कळल्यावर अर्जदार व पत्नी दोघेही प्रौढांच्या वर्गाला बसले. विशाखा मॅडम शाळेत संध्याकाळी वर्ग घेत. अर्जदारास एकसष्टाव्या वर्षी अक्षर आले. वर्गाच्या परीक्षेत बानाबाईला अर्जदारापेक्षा चार गुण जास्त पडले, हे तिने बाजारात अनोळखी बायांनाही थांबवून सांगितले.

४. त्यानंतर लायसनच्या प्रश्नांचे पुस्तक आणले. अर्जदार प्रश्न वाचायचा आणि ती भाकरी थापता थापता उत्तर द्यायची. तिकोनी पाटी म्हणजे पुढे जपून. ते तिने असे डोक्यात बसवले, की तीन दगडांची चूल, जवळ लेकरू जाऊ देऊ नये. उजवी बाजू म्हणजे घोडीच्या दोराचा हात. रस्त्यावर जनावरांचा कळप आल्यास चालकाने काय करावे, या प्रश्नाला ती प्रत्येक वेळी हसायची. ‘जोरात हॉर्न वाजवून पुढे जावे’ हा पर्याय वाचला की म्हणायची, “हे लिहिणारा मेंढरात कधी उभा राहिला नसंल. लई पांगत्यात.” उत्तर मात्र बरोबर द्यायची, की वेग कमी करून थांबावे.

५. पहिली परीक्षा दि. ९ जानेवारीला झाली. बानाबाई बोट लावून वाचते. पडद्यावर प्रश्न तीस सेकंदच राहतो, बोट पुरे फिरण्याआधी तो निघून जात होता. पंधरात सात आले. नऊ लागतात. बाहेर येऊन म्हणाली, “येतंय समदं, पण ते थांबतच नाय. पाहुणा बसायच्या आधी उठला तर चहा कुणाला द्यायचा?” पुढची तारीख १३ फेब्रुवारी मिळाली. मग अर्जदाराने मेंढरे मोजतात तसे तीसपर्यंत मोजायचे आणि तिने तेवढ्यात उत्तर द्यायचे, असा सराव चालवला. महिना संपता संपता पंधरात बारा येऊ लागली. तीन काही केल्या येत नव्हती. ‘थांबण्यास मनाई’ आणि ‘वाहन उभे करण्यास मनाई’ या दोन पाट्यांवरून तर ती अर्जदाराशी भांडली. थांबलेली गाडी उभीच असते, मग पाट्या दोन कशाला, हे तिचे म्हणणे शेवटपर्यंत राहिले.

६. फेब्रुवारी लागला आणि तिला ताप भरला, दम लागू लागला. तिने तीन दिवस अंगावर काढले. चौथ्या दिवशी सकाळी खंडेरावाने रुग्णवाहिका बोलावली. अर्जदार आत तिच्याजवळ बसला होता. भोंगा वाजत होता. तिने डोळे उघडून विचारले, “वाट देत्यात का लोकं?” अर्जदार काचेतून बघून म्हणाला, “देत्यात.” ती म्हणाली, “द्याया पाहिजे. पुस्तकात हाय.” एवढेच बोलली. दवाखान्यात तिला उतरवून घेतले. पुढचे सोबतच्या दाखल्यात आहे.

७. दि. १३ फेब्रुवारी हा तिचा दहावा होता. अर्जदार मुंडण करून शिवना नदीवर बसला असता मोबाईल वाजला. खंडेराव म्हणाला, आणा, मी वाचतो. अर्जदाराने दिला नाही. अक्षराला अक्षर लावून स्वतः वाचले. बानाबाई बिरू बिडगर, परीक्षेस गैरहजर. अर्जदारास वाचता येत नसते, तर पोराने काहीतरी दुसरे सांगून वेळ मारून नेली असती.

८. शिबिर दर गुरुवारी असते. अर्जदार दाखला घेऊन तीन गुरुवार आला. खिडकीवरच्या बाई चांगल्या आहेत, त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. त्या म्हणाल्या, “बाबा, संगणकात तीनच रकाने आहेत. पास, नापास, गैरहजर. मयताचा रकाना नाही, मी कुठं लिहू?” मागे रांगेतले कोणी म्हणाले, मेलेल्या माणसाला लायसन काय करायचे? साहेब, लायसन नकोच आहे. रिक्षा ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे. यात आपल्या लोकांचा काही दोष आहे असेही अर्जदाराचे म्हणणे नाही. तारीख होती आणि ती आली नाही, हे खरे आहे.

९. तरी विनंती अशी, की मयताचा रकाना करता येत असल्यास करावा. नसल्यास बानाबाईची परीक्षा तिच्या नावाने अर्जदाराकडून घ्यावी. अर्जदार लबाडी करणार नाही. तिला जी बारा येत होती, ती बरोबर सांगेल. जी तीन येत नव्हती, ती अर्जदारास येत असली तरी तिच्यासारखीच चुकवील. हेही नियमात बसत नसेल, तर तिला सरळ नापास लिहावे. अर्जदाराची हरकत नाही. खंडेरावाचीही नाही, तशी त्याची सही घेतली आहे. नापास झालेले माणूस निदान आलेले तरी असते.

१०. मागच्या आठवड्यात मुक्काम हलवला. अर्जदार मेंढरे घेऊन नव्या जागी पोचला. मेंढरे सवयीने थांबली. धूर नव्हता. ते अर्जदाराने पाहिले आहे आणि ते तो सोशील. सरकारी कागदावर मात्र तिच्याबद्दल तसे राहू नये.

उत्तर लेखी द्यावे. अर्जदारास वाचता येते.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
बिरू कडुबा बिडगर
लासूर स्टेशन, दि. १० मार्च २०२५

सोबत:
१. पहिल्या परीक्षेचा कागद, पंधरात सात.
२. प्रौढ वर्गाचे बानाबाईचे प्रमाणपत्र, झेरॉक्स. मूळ प्रत देता येणार नाही.
३. खंडेराव याचे हरकत नसल्याचे पत्र.
४. मृत्यूचा दाखला. बानाबाई बिरू बिडगर, वय ५८, मंगळवार दि. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मयत.